काट्यावरचा मेसेज का आला नाही? जुन्या वेब सर्व्हिसला जोडलेल्या एका ओळीची गोष्ट

यंदाच्या गळीत हंगामातली, डिसेंबरमधली गोष्ट. शनिवारची रात्र, साडेनऊचा सुमार. मी टेंभुर्णीत घरी जेवायला बसलो होतो आणि चुलत्यांचा फोन आला.

"अरं, ट्रॅक्टर खाली होऊन दोन तास झालं. काट्याचा मेसेज काय आला न्हाय अजून. टनेज किती भरलं कळंना."

मी सवयीनं सांगून टाकलं, "नाना, सर्व्हर स्लो असेल. येईल थोड्या वेळात."

सर्व्हर स्लो नव्हता. त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्या सर्व्हरवर मीच एक ओळ वाढवली होती. एकच ओळ, तीही कोडमध्ये नाही, सेटिंगच्या फाइलमध्ये.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची कंपनी काही संस्थांची जुनी सॉफ्टवेअर सांभाळते आणि त्यातली एक संस्था आमच्याच पट्ट्यातली आहे. तिचं नाव इथे सांगणार नाही, कारण चूक तिची नव्हती, माझी होती. पण ही चूक नीट समजून घेतली तर तुमच्या फोनवर येणारे बरेच मेसेज मध्येच कुठे गायब होतात हे कळेल. आणि सध्या डेटा सुरक्षेच्या नव्या नियमांची जी चर्चा चालू आहे, ती जमिनीवर कुठे येऊन अडते हेही कळेल.

आधी काट्याचं महत्त्व

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माढा तालुक्यात उजनीचं पाणी आलं आणि ऊस वाढला. ऊस कारखान्यावर गेला की आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं, मग गव्हाणीत ऊस खाली होतो, मग रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं टनेज. २०२५-२६ साठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. म्हणजे अर्धा टन इकडचा तिकडं झाला तर त्या दरानं एका खेपेत पावणेअठराशे रुपये हलतात. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते, तो हिशोब निराळा.

काटामारीच्या तक्रारी आपल्याकडे नवीन नाहीत. म्हणून वजन झाल्या झाल्या फोनवर येणारा तो दोन ओळींचा एसएमएस शेतकऱ्याच्या दृष्टीनं पावतीइतकाच महत्त्वाचा. तो उशिरा आला की नानांसारख्या माणसाच्या डोक्यात पहिली शंका सर्व्हरची येत नाही, काट्याची येते. आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीची पद्धत, आजही चालू

काट्याजवळच्या केबिनमधला कॉम्प्युटर वजन वाचतो आणि मुख्य सर्व्हरला कळवतो. कळवायची पद्धत आहे 'सोप वेब सर्व्हिस'. आजच्या ॲपमध्ये हेच काम सुटसुटीत जेसन संदेश पाठवून होतं. सोपमध्ये तोच मजकूर एक्सएमएलच्या लिफाफ्यात घालतात: बाहेर लिफाफा, वर हेडर, आत मुख्य मजकूर. लांबलचक प्रकार, पण नियम पक्के.

मायक्रोसॉफ्टनं २००२ मध्ये डॉटनेटची पहिली आवृत्ती आणली, तिच्यासोबत अशा सर्व्हिस बनवायची 'एएसएमएक्स' नावाची सोपी पद्धत आली. २००६ मध्ये तिच्या जागी डब्ल्यूसीएफ आलं आणि एएसएमएक्सला मायक्रोसॉफ्टनं स्वतःच 'जुनं तंत्र' असा शिक्का मारला. तरी ते बंद झालं नाही. डॉटनेट फ्रेमवर्क विंडोजचा भाग असल्यानं अजून चालतं. बँका, कारखाने, विद्यापीठं, सरकारी खाती, सगळीकडे त्या काळात उभ्या केलेल्या गोष्टी आहेत. सातबारा बघायला तुम्ही महाभूलेखवर गेला असाल तर पत्त्याच्या शेवटी 'एएसपीएक्स' लिहिलेलं बघितलं असेल. ती याच घराण्यातली खूण, पानं डॉटनेटच्या जुन्या पद्धतीनं बनल्याची.

आता प्रश्न असा, की पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसमध्ये आज नवीन काही घालायचं असेल तर? मूळ कोड लिहिणारा माणूस सोडून गेलेला, कोडची शेवटची प्रत सापडते का नाही याची शाश्वती नाही, आणि हंगाम चालू असताना सर्व्हिसला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

इथेच 'सोप एक्स्टेन्शन' कामाला येतं.

पुणे-सोलापूर हायवेवरचा वरवडे टोलनाका डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा रस्ता उकरला का? गाड्यांची इंजिनं बदलली का? नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या वाटेवर एक वाचणारं यंत्र बसवलं, बस. सोप एक्स्टेन्शन तसंच असतं. सर्व्हिसकडे येणारा आणि तिच्याकडून जाणारा प्रत्येक संदेश त्याच्या हाताखालून जातो. संदेश आला पण अजून उघडला नाही, उघडून झाला, उत्तर तयार झालं पण लिफाफ्यात घातलं नाही, लिफाफ्यात घातलं. अशा चार टप्प्यांवर त्याला हाक मारली जाते. तिथे तो संदेशाची नोंद करू शकतो, तो दाबून लहान करू शकतो, त्याला कुलूप लावू शकतो, सही तपासू शकतो. मूळ सर्व्हिसला पत्ताही लागत नाही.

आणि हे चालू करायला 'वेब.कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लागते: एक्स्टेन्शनचं नाव काय, ते कुठल्या डीएलएलमध्ये आहे, त्याचा गट कुठला आणि प्राधान्य किती. झालं. त्या ॲप्लिकेशनमधल्या झाडून सगळ्या सोप सर्व्हिसना ते लागू. म्हणून ही सोय फार मोहात पाडते.

मी ती ओळ का घातली?

कारण ऑडिट आलं होतं. सर्ट-इन, म्हणजे देशातल्या सायबर घटना बघणारी केंद्राची यंत्रणा. तिनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यात दोन गोष्टी सगळ्यांच्या तोंडी झाल्या: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि सगळ्या यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे जपून ठेवायचे. लॉग म्हणजे नोंदवही: कुणी, कधी, काय मागितलं, काय उत्तर गेलं.

आमच्या त्या जुन्या सर्व्हिसला असा लॉगच नव्हता. २००९ मध्ये लिहिणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑडिटरनं लाल शेरा मारला आणि काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, मूळ कोडला हात न लावता लॉगचं एक एक्स्टेन्शन लिहू. दोन दिवसांचं काम.

लिहिलं. सर्व्हरवर चढवलं. सर्व्हरवरच ब्राउझर उघडून सर्व्हिसचा पत्ता टाकला. एएसएमएक्समध्ये एक छान सोय असते, पत्ता उघडला की सगळ्या मेथडची यादी दिसते आणि बटण दाबून तिथेच चाचणी घेता येते. वजनाची मेथड दाबली, उत्तर बरोबर आलं. दुसरी दाबली, बरोबर. लॅपटॉप मिटला आणि घरी आलो.

ही चाचणी बिनकामाची होती. ब्राउझरचं ते बटण सोपचा लिफाफा पाठवतच नाही, साधा एचटीटीपी फॉर्म पाठवतं. आणि सोप एक्स्टेन्शन फक्त सोपच्या संदेशावर चालतं. म्हणजे मी टोलनाक्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यानं गाडी काढली आणि नाका व्यवस्थित चालतोय असा रिपोर्ट दिला.

काट्यावरचा कॉम्प्युटर मात्र खरा सोप संदेश पाठवत होता. त्याला उत्तर येत होतं कोरं.

कारण थोडं तांत्रिक आहे, पण सांगतो. उत्तर वाचून त्याची नोंद करायची तर एक्स्टेन्शन ते उत्तर आधी स्वतःच्या तात्पुरत्या भांड्यात घेतं, वाचतं, आणि मग मूळ वाटेवर ओततं. भांडं म्हणजे मेमरीतला स्ट्रीम. कॅसेटसारखं असतं ते. लिहून झालं की काटा शेवटाला असतो, वाचायचं तर मागे न्यावा लागतो. 'पोझिशन' शून्यावर आणायची, एवढंच. मी नोंदीसाठी मागे नेलं, वाचलं, आणि मूळ वाटेवर ओतताना परत मागे न्यायचं विसरलो. शेवटापासून पुढे वाचायला घेतलं, पुढे काहीच नव्हतं. बाहेर गेला तो रिकामा लिफाफा. लिफाफाही नाही खरं तर.

कॅसेटचं उदाहरण तुमच्यापैकी किती जणांना लागलं कोण जाणे. यूट्यूबचा व्हिडिओ संपलाय आणि तुम्ही पट्टी मागे न ओढता प्ले दाबताय, असं समजा.

वजनं सर्व्हरवर जमा होत होती, ते काम एक्स्टेन्शनच्या आधी होऊन जायचं. पण काट्याच्या कॉम्प्युटरला पोच मिळत नव्हती, आणि पोच मिळाल्याशिवाय तो एसएमएसची मेथड बोलवत नव्हता. उलट तीच खेप पुन्हा पुन्हा पाठवत होता. २००९ मधल्या त्या अनोळखी माणसानं पावती क्रमांक दोनदा जमा होणार नाही अशी काळजी घेतली होती, म्हणून वाचलो. नाहीतर एका ट्रॅक्टरचे दहा ट्रॅक्टर झाले असते.

रात्री दहाला ती ओळ काढली. ही फाइल सेव्ह केली की ॲप्लिकेशन आपोआप नव्यानं सुरू होतं, सर्व्हरवर लॉगिन करून बसलेले बाहेर फेकले जातात, दोन ऑपरेटरच्या शिव्या खाल्ल्या. दहा मिनिटांत अडकलेले मेसेज निघाले. नानांना मेसेज मिळाला. मी फोन केला नाही.

दुसरा प्रयत्न: गिचमिड

सोमवारी पोझिशनची चूक सुधारली, आणि या वेळी ब्राउझरवर विसंबलो नाही. काट्यावर असतो तोच प्रोग्राम दुसऱ्या मशिनवर टाकून खरा सोप संदेश पाठवला. उत्तर बरोबर. लॉगची फाइल उघडली तर आत नुसती चिन्हं, वाचता येईना.

वेब.कॉन्फिगमध्ये आधीपासून एक ओळ होती, मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. कधीतरी काट्याचं इंटरनेट फार हळू होतं म्हणून कुणीतरी संदेश दाबून लहान करणारं एक्स्टेन्शन बसवलं होतं. त्याचं प्राधान्य १. मी माझ्या लॉगला उत्साहात ० दिलं होतं.

या आकड्यांचा अर्थ साध्या वाचनात उलटा वाटतो. आकडा जितका लहान, तितकं ते एक्स्टेन्शन तारेच्या जवळ, म्हणजे बाहेरच्या बाजूला. आधी गट बघतात, वरचा की खालचा, आणि गटाच्या आत हा आकडा. एखाद्या मेथडच्या डोक्यावर कोडमध्येच लावलेलं एक्स्टेन्शन असेल तर ते या दोन गटांच्या मध्ये बसतं. माझा लॉग ० वर, सगळ्यात बाहेर. त्यामुळे आत येणारा संदेश मोकळा होण्याआधीच आणि बाहेर जाणारा दाबून झाल्यावर त्याच्या हाती लागत होता. त्यानं इमानदारीत तो दाबलेला गोळा लिहून ठेवला.

काट्याच्या भाषेत सांगायचं तर गव्हाणीत ऊस खाली करून मग भरलेलं वजन घ्यायला गाडी काट्यावर चढवली. यंत्र बरोबर, माणसं बरोबर, क्रम चुकला.

गंमत अशी, की कुठेही एरर आली नाही. एक्स्टेन्शनचं नाव चुकलं असतं तर सर्व्हिस तिथल्या तिथे बंद पडून मोठ्यानं ओरडली असती, ती चूक बरी. क्रम चुकला तर सगळं हिरवं दिसतं आणि सहा महिन्यांनी कुणी लॉग मागितला की कळतं, आपण १८० दिवस कचरा साठवला.

तिसरा प्रयत्न: जास्तच स्वच्छ

प्राधान्य २ केलं. लॉग स्पष्ट आला. इतका स्पष्ट की मलाच घाम फुटला. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल नंबर, बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी कोड. सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका अशा फोल्डरमध्ये जिथे कंपनीतल्या चार आणि संस्थेतल्या तीन जणांना जाता येत होतं. मूळ डेटाबेसला पासवर्ड, हक्क, बॅकअप, सगळं. आणि त्याची साधी नक्कल माझ्या एका ओळीमुळे बाजूला तयार होत होती, रोज, प्रत्येक खेपेला.

खरा मुद्दा इथे आहे. बातम्यांत आपण दोन नियम वेगवेगळे वाचतो. एक सर्ट-इनचा, लॉग ठेवा. दुसरा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार आहेत. डेटा सांभाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. या नियमांतही लॉग ठेवा असं आहेच, तेही किमान एक वर्ष. एकीकडे नोंद ठेवा, दुसरीकडे माणसाची माहिती सांभाळा. कागदावर यात काहीच विरोध नाही. निर्देश लॉग ठेवायला सांगतात, नानांचा खाते क्रमांक लॉगमध्ये लिहायला कुणी सांगितलेलं नाही.

पण जुन्या सर्व्हिसवर घाईत एक्स्टेन्शन लावणारा माणूस काय करतो? जे मी केलं तेच. संदेशाच्या वाटेत उभा राहून जे दिसेल ते आख्खं उतरवून घेतो, कारण ते सगळ्यात सोपं. आख्ख्या संदेशाची नक्कल करायला पाच ओळी लागतात. त्यातले कुठले रकाने झाकायचे हे ठरवायला संदेश समजून घ्यावा लागतो, आणि तो समजणारा माणूस तर कधीच सोडून गेला.

ऑडिटरनं लॉग आहे एवढं बघितलं असतं आणि हिरवा शेरा दिला असता. मला याची भीती वाटते. पुढच्या वर्षभरात राज्यातल्या किती पतसंस्था, दूध संघ, कारखाने, कॉलेजं आपापल्या जुन्या यंत्रणांवर अशा पट्ट्या चिकटवतील याचा विचार करा. कायदा पाळण्यासाठी बसवलेला लॉग हीच गळतीची जागा ठरू शकते.

शेवटी आम्ही लॉगमध्ये पाचच गोष्टी ठेवल्या: वेळ, मेथडचं नाव, कुठल्या काट्यावरून आलं, पावती क्रमांक, आणि काम झालं की नाही. मोबाईलचे शेवटचे तीन आकडे सोडून बाकी फुल्या. खाते क्रमांक लिहायचाच नाही. आधीच्या दोन दिवसांच्या फाइली संस्थेला लेखी कळवून पुसल्या. फोल्डरचे हक्क दोन माणसांवर आणले. हे करायला चार दिवस गेले, म्हणजे मूळ कामाच्या दुप्पट, आणि त्या चार दिवसांचं बिल लावताना साहेबांशी झालेली चर्चा इथे नको.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही

८ मार्च २०२१ आठवतोय का? त्या दिवशी देशभर ओटीपी यायचे थांबले होते. बँका, तिकीट बुकिंग, लसीकरणाची नोंदणी, सगळं अडकलं. नेटवर्क पडलं नव्हतं. स्पॅम रोखायला ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे टेलिकॉम कंपन्यांनी एसएमएसच्या जुन्या वाटेवर एक गाळणी चालू केली होती. कंपनीनं आपलं नाव आणि मेसेजचा नमुना आधी नोंदवायचा, आणि येणारा प्रत्येक मेसेज त्या नमुन्याशी जुळवून बघायचा. जुळला नाही की तिथेच टाकून द्यायचा. पुष्कळ संस्थांनी नमुने नोंदवलेच नव्हते किंवा एखाद्या शब्दानं वेगळे नोंदवले होते. पाठवणाऱ्याला वाटलं पाठवला, घेणाऱ्याला आलाच नाही. ट्रायनं दुसऱ्याच दिवशी ती गाळणी आठवड्यासाठी थांबवायला लावली.

मोठ्या प्रमाणावर, पण जात तीच. जुनी वाट, मध्ये बसवलेला नवा थर, आणि तो थर चुकला की आवाज न होता संदेश नाहीसा.

म्हणून गाळणी वाईट असं नाही. आता तर तिचा फायदा तुम्हाला दिसतो. कंपन्यांकडून आलेले एसएमएस उघडून पाठवणाऱ्याचं नाव बघा, शेवटी एक इंग्रजी अक्षर असेल. 'एस' म्हणजे सेवेचा मेसेज, 'टी' म्हणजे व्यवहाराचा, 'पी' म्हणजे जाहिरात, 'जी' म्हणजे सरकारी. २०२५ मध्ये ट्रायनं नियम बदलले त्यानंतर ही अक्षरं दिसू लागली. बँकेच्या नावानं आलेल्या 'खातं बंद होईल' या मेसेजखाली साधा दहा आकडी नंबर असेल तर तो बँकेचा नाही, हे ओळखायला एवढं पुरतं.

त्याच डिसेंबर महिन्यात जुन्या सोपची आणखी एक बातमी आली. वॉचटॉवर या सुरक्षा संशोधन कंपनीनं दाखवलं, की डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये सोप सर्व्हिसला हाक मारणारा जो तयार क्लास आहे, त्याला वेबपत्त्याऐवजी फाइलचा पत्ता दिला तर तो संदेश नेटवर न पाठवता सरळ सर्व्हरच्या डिस्कवर लिहितो. बाहेरच्या माणसाला तो पत्ता बदलता आला तर सर्व्हरवर हवी ती फाइल लिहिण्याचा रस्ता मोकळा. त्यांनी याला 'सोपोन' असं नाव दिलं. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं, की अविश्वासू पत्ता न देणं ही ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याची जबाबदारी. म्हणजे दुरुस्ती वरून येणार नाही, ज्यानं त्यानं आपलं घर तपासायचं. आम्ही तपासलं. आमच्याकडे पत्ता काट्याच्या कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमध्ये पक्का लिहिलेला आहे, बाहेरून येत नाही. तपासायला अर्धा तास लागला. पण तो अर्धा तास देणारा माणूस प्रत्येक जुन्या यंत्रणेला आहे का?

मग फेकून का देत नाही?

हा प्रश्न मला कॉलेजचे ज्युनिअर नेहमी विचारतात. "दादा, नवीन लिहा ना सगळं." नवीन डॉटनेटमध्ये एएसएमएक्सची सर्व्हिस चालत नाही, आणि आपली सोप एक्स्टेन्शन तिथे उचलून नेता येत नाहीत. कोअर-डब्ल्यूसीएफ नावाचा मोकळ्या कोडचा प्रकल्प आहे, त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२२ मध्ये आली, तिच्यावर सोपचा लिफाफा तसाच ठेवून आतलं घर बदलता येतं. म्हणजे काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरला कळणारही नाही. आम्ही तोच प्रस्ताव दिलाय. पण हंगाम चालू असताना वजनाच्या वाटेला कुणी हात लावू देत नाही, आणि खरं सांगू, माझ्या त्या शनिवारच्या रात्रीनंतर मीही देणार नाही. हंगाम संपला की पैसे मंजूर करणारी बैठक, बैठकीनंतर पुढच्या हंगामाची घाई. अशी पंधरा वर्षं गेली आहेत.

सध्या तिथल्या वेब.कॉन्फिगमध्ये दोन ओळी आहेत. त्यांच्या वर मी मराठीत चार ओळींची टीप लिहून ठेवली आहे: कुठली ओळ कशासाठी, आकडा बदलला तर काय होईल, ब्राउझरच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आणि बदल करायचाच असेल तर काटा बंद असताना, पाळी बदलायच्या वेळी करा. खाली तारीख.

नानांना ही सगळी हकीकत मी संक्रांतीला सांगितली. पोझिशन, प्राधान्य वगैरे नाही, एवढंच की त्या रात्री मेसेज माझ्यामुळे अडकला होता. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मजी वजन बरोबर हुतं की."

"बरोबर होतं."

"आन मी दोन दिस काटेवाल्याशी बोललो न्हाय."